अमल प्रीमिअर: थंडीतल्या किकचा त्रास कमी करणारा कार्ब्युरेटर

ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींवरच्या अमलच्याच कॉन्सेंट्रिक मार्क 1 कार्ब्युरेटरचं खरं दुखणं म्हणजे पायलट जेट, म्हणजे स्टार्ट करताना आणि आयडलिंगला पेट्रोल पुरवणारी बारीक नळी. बहुतेकांत ती बॉडीत ठोकून बसवलेली, बाहेर निघतच नाही. भोक जेमतेम 0.4 मिमीचं, गाडी उभी राहून पेट्रोल सुकलं की डिंकासारख्या थराने बुजतं. थंडीत पेट्रोलची वाफ आधीच कमी, त्यात हा मार्ग बंद. मग किक मारून पोटऱ्या भरून येतात.

त्याचीच सुधारित आवृत्ती असलेल्या प्रीमिअरमध्ये तीच जेट स्क्रूसारखी फिरवून बाहेर काढून साफ करता येते. एवढ्यासाठीच पैसे वसूल. स्लाइडही (थ्रॉटल पिळला की वर-खाली सरकणारा भाग) अ‍ॅनोडाइझ्ड, म्हणजे पृष्ठभाग कडक केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची आहे. जुनी झिंकची स्लाइड झिंकच्याच बॉडीत घासून खुळखुळायची आणि तिथून हवा ओढायची.

बसवताना फ्लँजचे (कार्ब्युरेटर इंजिनला जोडणाऱ्या पट्टीचे) नट आवळून आवळून घट्ट करू नका. फ्लँज वाकतो, ओ-रिंग नीट बसत नाही, मिश्रण पातळ होतं आणि थंड इंजिन दाद देत नाही. एअर स्क्रू (आयडलिंगच्या मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा) पूर्ण आत, मग दीड आटे बाहेर. बाकीची जुळवणी इंजिन तापल्यावर.

सकाळी क्लच दाबून तीन-चार किक मारा, थिजलेल्या तेलाने चिकटलेल्या प्लेटी सुटतात. पेट्रोल पाझरेपर्यंत टिकलर (कार्ब्युरेटरवरचं जादा पेट्रोल सोडणारं बटण) दाबा (दोन कार्ब्युरेटर असतील तर दोन्हींचे), इग्निशन बंद ठेवून दोन किक, मग चालू करून एक जोरकस. हाताने टायमिंग बदलणारा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) असेल तर आधी रिटार्ड करा, म्हणजे ठिणगी उशिरा पडू द्या, नाहीतर किक उलटी बसते.

तक्रार एकच: टिकलरचं पेट्रोल अजूनही बोटांवर येतंच.