गिल्ड वॉर्स २ : आठ महिने खेळल्यावर, कॅरेक्टर बनवताना दिलेल्या उत्तरांचं नक्की काय होतं

आधीच सांगतो, हा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम जुना आहे, २०१२ चा. २०१५ पासून बेस गेम फुकट आहे आणि महिन्याची फी वगैरे भानगड नाही, म्हणून लावला. आपल्याकडे सर्व्हर नाहीये, युरोप घेतला, पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) जरा चढा राहतो पण स्टोरी खेळायला काही अडत नाही.

फुकट अकाउंटला कॅरेक्टरच्या दोनच जागा मिळतात, त्यामुळे पहिलं कॅरेक्टर बनवताना मी लग्नाची बोलणी चालू असल्यासारखा बसलो होतो. चेहरा-केस झाले की गेम तुम्हाला प्रश्न विचारायला लागतो. वंशांमधून मी माणूस घेतला, तर म्हणे तू रस्त्यावर वाढलास, साध्या घरातला की खानदानी? कुठल्या देवाचा आशीर्वाद? आणि आयुष्यात खंत कसली, आईबाप कोण ते कळलं नाही ही, बहिणीचं प्रेत सापडलं नाही ही, की सर्कशीत जायची संधी हुकली ही? (सर्कस!! बाकीच्या दोन वाचून गळा दाटून येतो आणि तिसरी ही.) नॉर्न (धिप्पाड लोकांचा वंश) घेतला तर समारंभात दारू पिऊन काय केलं ते आठवत नाही असंही एक उत्तर आहे. मी पाऊण तास घालवला, विकी उघडून बसलो, शेवटी रस्त्यावरचा पोरगा आणि बहीण.

आता याचा परिणाम होतो का, तर होतो, आणि सुरुवातीला चांगलाच होतो. दहाव्या लेव्हलला पहिला भाग उघडला तेव्हा माझा लहानपणचा दोस्त क्विन आणि त्याच्या मागे लागलेली गँग, हे सगळं मी रस्त्यावरचा म्हणून. खानदानी घेतलं असतं तर त्याजागी लॉर्ड फॅरन नावाचा एक छपरी सरदार मित्र मिळतो, मिशनच वेगळी. पुढे बहिणीचा धागा येतो, ती मेलेली नसतेच, आणि तो भाग मी रात्री दोन वाजेपर्यंत जागून संपवला, दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे लाल. मग? मग काहीच नाही. पुढे कित्येक लेव्हल तिचा विषयच निघत नाही, मी आपला जगाला वाचवत फिरतोय. देव कुठला निवडला होता ते तर मी स्वतः विसरलो, इतका त्याचा उपयोग.

तिसाव्या लेव्हलच्या आसपास तीन संघटनांपैकी एक निवडायची असते, प्रायरी, व्हिस्पर्स किंवा व्हिजिल, आणि तिथून सगळ्यांच्या वाटा हळूहळू एकाच रस्त्याला लागतात. ते समजू शकतो, प्रत्येक उत्तराची वेगळी स्टोरी ऐंशी लेव्हलपर्यंत न्यायची तर आवाज रेकॉर्ड करता करताच कंपनी बसेल. मी व्हिस्पर्स घेतली आणि तिथला गुरू टिबाल्ट भेटला, खोटा पंजा लावलेला, सफरचंदांचा वेडा. तो चार आहे, म्हणजे आकडा नाही, मांजरासारख्या दिसणाऱ्या वंशाचं नावच तसं आहे, मित्राला फोनवर सांगताना दहा मिनिटं गोंधळ झाला. स्पॉयलर देतो, गेम इतका जुना आहे की माफ करा : क्लॉ आयलंडला तो मरतो. दुसरी संघटना घेतली असती तर तिथला गुरू मेला असता, हे नंतर वाचलं तरी दुःख काही कमी झालं नाही. सुरुवातीच्या पाऊण तासापेक्षा हे एक क्लिक मला जास्त लागलं.

खरी गंमत दुसऱ्या कॅरेक्टरला. सिल्वारी घेतली, झाडापासून जन्मलेले लोक, आणि का घेतली तर डोक्यावर केसांऐवजी पानं आहेत ती भारी दिसली म्हणून. प्रश्नांना फटाफट टिकमार्क, पाच मिनिटांत मोकळा. तर नंतर स्टोरीत कळतं की सिल्वारी मुळात मॉर्ड्रेमॉथ नावाच्या ड्रॅगनचीच पैदास आहे. मी पैसे देऊन हार्ट ऑफ थॉर्न्स हे एक्स्पान्शन (गेमचा वेगळा विकत घ्यायचा पुढचा भाग) घेतलं तर तिथे तो ड्रॅगन माझ्या डोक्यात बोलायला लागला, आणि आजूबाजूचे लोक सिल्वारींकडे संशयाने बघतायत, ही आपल्यावरच उलटेल का म्हणून. तोच भाग आधी माणूस घेऊन खेळलो होतो, तेव्हा ती दुसऱ्यांची अडचण होती, आता माझी झाली. हेडफोन काढून दोन मिनिटं नुसता बसलो.

म्हणजे ज्यावर डोकं फोडलं ते तिसाव्या लेव्हलपर्यंत पुरलं आणि जे पानं बघून घेतलं ते एक्स्पान्शनपर्यंत पाठीशी आलं. वर केस-चेहरा नंतर पैसे टाकून बदलता येतो पण वंश नाही बदलता येत, हे निवडायच्या आधी लक्षात ठेवा. नवीन खेळणाऱ्याने प्रश्नांची उत्तरं मनाला येईल ती द्यावीत, वंश मात्र नीट बघून घ्यावा, आणि मला विचाराल तर सिल्वारीच घ्या.

बाकी लढाई मजेदार आहे, जुन्या मिशनमधले दोघं समोरासमोर उभे राहून बोलतात ते सीन आता फार जुनाट वाटतात, फुकट अकाउंटला चॅटवर बंधनं आहेत. एक्स्पान्शन घेतल्यावर जागा वाढल्यात, त्यामुळे आता तिसरं कॅरेक्टर सुरू केलंय. नॉर्न. दारूवालं उत्तर दिलंय.