चपलांचे कासव : ‘ओशन सोल’च्या शिल्पांविषयी

नैरोबीच्या कॅरन उपनगरातील ‘ओशन सोल’ या टाकून दिलेल्या चपलांची शिल्पे करणाऱ्या संस्थेच्या कार्यशाळेतून आणलेले कासव माझ्या तळहातावर मावते, आणि वजनाला ते इतके हलके आहे की परतीच्या प्रवासात ते पिशवीत आहे ना, हे मला दोनदा चाचपून पाहावे लागले. पाठीवर निळे, पिवळे आणि गुलाबी थर एकमेकांना चिकटलेले आहेत. यातला एकही रंग वरून लावलेला नाही, सगळे मूळ चपलांचेच आहेत. कासव उलटे केले की पोटाच्या एका बाजूला चपलेचा अंगठा ओवण्याचे भोक दिसते आणि त्याच्या शेजारी तळव्यावरच्या नक्षीचा एक झिजून गुळगुळीत झालेला तुकडा. ही चप्पल कोणीतरी बराच काळ पायात घातलेली होती.

‘ओशन सोल’ किनाऱ्यावर वाहून आलेल्या रबरी चपला गोळा करून त्यांतून प्राणी घडवते. या कामाची सुरुवात 1997 मधली. केनियातील, सोमालियाच्या सीमेलगतच्या किउंगा सागरी अभयारण्यात काम करणाऱ्या ज्युली चर्च यांना तेथील मुले वाहून आलेल्या चपलांची खेळणी करताना दिसली. समुद्री कासवे ज्या वाळूत अंडी घालायला येतात, तीच वाळू चपलांनी भरत चालली होती, आणि अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी या कचऱ्यातून वाट काढावी लागत होती. त्यामुळे हत्ती, जिराफ आणि गेंडे मांडलेल्या फळ्यांसमोरून पुढे जाऊन मी कासव निवडले. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर पिल्लांची ती धडपड पाहिलेल्या माणसाला वेगळे कारण लागू नये.

कृती सांगायला सोपी, करायला जिकिरीची. चपला धुऊन वाळवतात, त्यांचे तुकडे एकावर एक चिकटवून ठोकळा तयार करतात, मग धारदार सुरीने तासून आकार काढतात आणि शेवटी घासून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. मोठ्या शिल्पांच्या पोटात टाकाऊ फोमचा गाभा असतो आणि चपलांचे थर त्याच्यावर चढतात. केनियात लाकूडकामाची जुनी परंपरा आहे, आणि येथील कारागिरांपैकी अनेक जण पूर्वी लाकूडच कोरत असत. रबराला लाकडासारखे रेषे नसतात, ते सुरीखाली दबते आणि पुन्हा वर येते, तरीही माझ्या कासवाच्या मानेचा बाक एका ओघात उतरला आहे. ते कसब लाकडावर मुरलेल्या हाताचेच असणार.

कारागिरी उत्तम आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. माझी शंका निराळी आहे. जी शिल्पे फार घासूनपुसून सुबक केली आहेत, ज्यांत रंगांचे पट्टे कापडावरील नक्षीसारखे सलग वाहतात, त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर समुद्रातील कचरा आठवत नाही. आठवते ते खेळण्यांचे दुकान. आणि जेथे अंगठ्याचे भोक, कंपनीच्या नावातील दोन-तीन अक्षरे किंवा टाचेखालची झीज राहू दिली आहे, तेथे पाहणारा क्षणभर थबकतो, कारण तशीच एखादी चप्पल त्याने स्वतःही कधीतरी फेकलेली असते. कचऱ्यातून कला घडवून लोकांना जागे करायचे असेल, तर कचऱ्याची ओळख पुसली जाऊ नये. विकत घेणाऱ्याने म्हणूनच दर्शनी बाजूवर भाळून न जाता वस्तू उलटीसुलटी करून पाहावी आणि त्यातल्या त्यात ओबडधोबड नग उचलावा. अशा शिल्पांनी चपलांचे उत्पादन घटत नाही हेही खरे; पण तळहाताएवढ्या कासवाकडून ती अपेक्षा मी ठेवली नव्हती.

निगा राखणे सोपे आहे. साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसले की पुरते. फक्त कडक उन्हात ठेवू नये, या जातीच्या रबराचा रंग उन्हाने विटतो.

घरी मात्र जागेवरून वाद झाला. मी कासव दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ठेवले, तेव्हा आत्याबाईंनी ते हातात घेऊन कौतुकाने न्याहाळले, पोटावरचे भोक पाहिले आणि विचारले, “अरे, ही तर चप्पल! चप्पल कपाटात ठेवायची?” देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार करणाऱ्या आणि चपला उंबऱ्याबाहेर काढायला लावणाऱ्या आत्याबाईंपुढे या वस्तूने मोठाच पेच टाकला. दोन दिवस ते जेवणाच्या टेबलावर बेवारस पडून होते. अखेर तडजोड झाली आणि आता ते दाराशी, चपलांच्या मांडणीवर आहे. येणारे पाहुणे वहाणा काढायला वाकतात, तेव्हा ते बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येते.