सायकलच्या सीटचं टोक: सपाट, खाली की वर?

नवी सायकल घेतली की महिन्याभरात बहुतेकांची तक्रार एकच असते: सीट टोचते. मग जेलचं कव्हर चढतं, नाहीतर थेट नवी सीट येते. पैसे घालण्याआधी सीटचा कोन बघा, म्हणजे तिचं पुढचं टोक सपाट, खाली की वर आहे ते.

त्याआधी उंची. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकली, तर गुडघा सरळ व्हायला हवा. सीट उंच असेल तर कोन कितीही बदला, कंबर डोलतच राहणार.

कोन नुसत्या डोळ्यांना कळत नाही. सायकल सपाट फरशीवर उभी करून सीटवर लांबीच्या दिशेने सरळ पट्टी ठेवा आणि तिच्यावर पाणसळ, किंवा फोनमधली लेव्हल. साधारण २७ सेंटीमीटरच्या सीटला १ अंश म्हणजे टोकाशी जेमतेम ५ मिलिमीटर. तेवढ्याने काय होतंय असं वाटतं, पण तासाभराने शरीराला ते बरोबर जाणवतं.

कोथरूडहून डेक्कन, तिथून कॅम्प असं रोजचं फिरणं असेल आणि हँडल उंच असेल, तर सीट सपाटच ठेवा. ताठ बसल्यावर वजन बसण्याच्या दोन हाडांवर येतं, आणि ते तिथेच यायला हवं.

रोड बाइकवर वाकून बसलं की कंबर पुढे झुकते आणि भार मधल्या मऊ भागावर येऊन तिथे मुंग्या येतात. अशांनी टोक १ ते ३ अंश खाली घ्यावं. त्याहून जास्त नको. शरीर पुढे घसरतं, हातांनी स्वतःला मागे रेटावं लागतं आणि मनगटं भरून येतात.

पुणेकरांनी इथे घाटाचाही हिशोब करावा. १० टक्के चढावर सायकलच जवळजवळ ६ अंश मागे कलते, म्हणजे घरी सपाट असलेली सीट तिथे टोक वर केल्यासारखी होते. सिंहगडाच्या चढावर मला दर रविवारी बधिरपणा यायचा. टोक २ अंश खाली घेतलं आणि तो थांबला. उतारावर हातांवर भार वाढतो हे खरं, पण उतार लवकर संपतो आणि तेव्हा मी बराच वेळ पेडलवर उभाच असतो. मला हा सौदा पटला.

टोक वर ठेवणं मी फक्त ताणलेल्या चामड्याच्या सीटला सुचवेन. ती मध्ये खोलगट होते, म्हणून टोक किंचित वर असलं तर माणूस पुढे घसरत नाही. फोमच्या सीटला हा प्रयोग करू नका, नाजूक जागेवर थेट दाब येतो.

सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारा दांडा, निवडायची वेळ आली तर दोन बोल्टचा घ्या. एक सैल, दुसरा घट्ट करत अर्धा अंशसुद्धा साधता येतो. दातेरी पकडीच्या एका बोल्टवाल्यात कोन टप्प्याटप्प्यानेच बदलतो, आणि तो नीट आवळलेला नसेल तर खड्ड्यातल्या एका गचक्याने टोक हलतं. काहीही सैल करण्याआधी आताचा कोन फोनवर मोजून लिहून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर चार-पाच दिवस नेहमीच्याच रस्त्याने चालवून बघा. तरीही बधिरपणा गेला नाही, तर सीटची रुंदी तपासा.