डेक्कनजवळचं जेनेटिक कौन्सेलिंग सेंटर : ड्युशेन असलेल्या मुलांच्या घरच्यांनी जरूर जावं

माझ्या भाच्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणारा आनुवंशिक आजार. ताई कॅरिअर निघाली, म्हणजे सदोष जीन तिच्याकडून मुलाकडे जाऊ शकतो, आणि माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत, त्यामुळे मलाही तपासून घ्यायचं होतं. पहिल्या भेटीचे १५०० रुपये, चाचणीचे वेगळे. रिपोर्ट कबूल केलेल्या तारखेला मिळाला, मी कॅरिअर नाही. एवढ्यासाठी मी इतकं लिहिलं नसतं. लिहितेय ते तिथल्या कौन्सेलर मॅडम ताईशी ज्या पद्धतीने बोलल्या त्यासाठी.

ताईच्या फोनमध्ये एक व्हिडिओ होता. बशीत मसुराएवढा पांढरट गोळा आणि तो आपोआप आकसतोय. खाली लिहिलेलं, 'स्टेम सेलने स्नायू परत तयार होतात'. त्यासोबत कुठल्याशा क्लिनिकच्या इंजेक्शनचं पॅकेज, काही लाखांचं. ताईची दागिने मोडायची तयारी होती.

मॅडमनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, "हा ऑर्गनॉइड आहे, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेला अवयवासारखा छोटा गोळा. हे काम खरं आहे. पण त्या इंजेक्शनचा याच्याशी काही संबंध नाही." मग नीट समजावलं. पेशंटच्या रक्तातल्या किंवा कातडीतल्या पेशी पुन्हा मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, अवस्थेत नेता येतात. शिन्या यामानाका यांनी हे २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर करून दाखवलं, २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २०२० मध्ये बर्लिनच्या माक्स डेलब्रुक सेंटरमध्ये मिना गूटी यांच्या गटाने मूलपेशींपासून मज्जारज्जूतल्या चेतापेशी आणि स्नायू एकाच गोळ्यात वाढवले. दोन्ही एकमेकांना जोडले गेले आणि स्नायू हलायला लागला.

"पण याचा आमच्या बाळाला काय उपयोग?" ताईने विचारलंच.

इथे मॅडमनी कागद ओढला. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हा भाग मला फार भावला. डिस्ट्रॉफिन हे स्नायूंना टिकवून धरणारं प्रथिन. त्याच्या जीनमध्ये ७९ एक्सॉन, म्हणजे तुकडे, असतात. भाच्याच्या रिपोर्टमध्ये ४८ ते ५० गायब आहेत. त्यांची लांबी १८६, १०२ आणि १०९ अक्षरं, बेरीज ३९७. जीन तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो आणि ३९७ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून पुढचं सगळं वाचन बिघडतं. आता ५१ वा एक्सॉन मुद्दाम वगळला, तर आणखी २३३ जातात. बेरीज ६३०, भाग जातो! प्रथिन आखूड बनेल, पण बनेल. याच हिशेबावर आधारलेल्या एका औषधाला अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली आहे. असं औषध एखाद्या मुलाच्या स्वतःच्या पेशींत डिस्ट्रॉफिन बनवतं का, हे मुलाला औषध न देता त्याच्याच पेशींपासून वाढवलेल्या अशा गोळ्यावर पाहता येतं.

मर्यादाही त्यांनी तितक्याच स्पष्ट सांगितल्या. गोळ्यात रक्तवाहिन्या नाहीत, प्रतिकारशक्तीच्या पेशी नाहीत आणि त्याचे स्नायू गर्भातल्या बाळासारखे कोवळे. ड्युशेनमध्ये वर्षानुवर्षं सूज येऊन स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू साठत जातात. ते तिथे पुरतं दिसत नाही. त्यामुळे बशीत चाललेलं औषध मुलात चालेलच असं नाही. आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या आजारासाठी स्टेम सेल मंजूर ट्रायलबाहेर देता येत नाहीत. पॅकेज विकणाऱ्याला ट्रायलची नोंदणी विचारा, म्हणाल्या. ताईने तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं नाही, "तुम्ही आधी येऊन तर भेटा" एवढंच. दागिने कपाटात परत गेले.

कुणी खोटी आशा दाखवतं, कुणी दारच लावून घेतं. आम्ही दोन्ही भोगलंय. इथे खरं सांगितलं आणि पुढे काय करायचं तेही: स्टेरॉईड वेळेवर, फिजिओ, हृदयाची तपासणी दरवर्षी.

एक तक्रार मात्र आहे आणि ती छोटी नाही. स्नायूंच्या आजाराची मुलं जिथे येणार, तिथे लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या! रॅम्प नाही. भाच्याला व्हीलचेअरसकट उचलावं लागलं. मी लेखी दिलंय, तुम्ही गेलात तर तुम्हीही द्या.

जाताना एमएलपीए (जीनमधले गायब तुकडे शोधणारी चाचणी) आणि सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्तचाचणी) यांचे जुने रिपोर्ट न्या. सकाळची वेळ घ्या, संध्याकाळी गर्दीत एवढं निवांत बोलणं होत नाही.