होटगी रोड ते मोपा: एका टॉवेलवाल्याच्या नजरेतून सोलापूर विमानतळ

आमच्या विमानतळाबद्दल आजवर जे वाचलं ते एकतर पेढे वाटल्याच्या थाटाचं, नाहीतर ‘बोरामणीच्या नव्या विमानतळाचं काय झालं’ म्हणून गळा काढणारं. माझा धंदा टेरी टॉवेलचा. कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, गिऱ्हाईक बरीचशी गोव्यातली हॉटेलं. मला फक्त एवढंच बघायचं असतं की घरातून निघून कळंगुटच्या परचेस मॅनेजरपुढं बसेपर्यंत किती वेळ जातो आणि तोवर अंगात बोलायचं त्राण उरतं का.

पहिली जमेची बाजू म्हणजे जागा, होटगी रोडवरची. जुळे सोलापुरातून निघालो, आसरा पुलावर गाड्या तुंबल्या नसतील, तर चहाचा कप सिंकमध्ये ठेवून विमानतळावर पोचेपर्यंत गाण्याच्या कॅसेटची एक बाजूसुद्धा संपणार नाही. गावाच्या इतकं जवळ विमानतळ असणं ही चैन आहे. आणि हीच अडचणही आहे, कारण चहूबाजूंनी शहर वाढलंय. धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास, ती लांबवायची म्हटली तर लांबवणार कुठं?

चिमणीचा विषय टाळून या विमानतळाबद्दल लिहिता येत नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या को-जनरेशनची, म्हणजे उसाच्या चिपाडावर वीज करायच्या प्रकल्पाची ती चिमणी, उंची 90 मीटरच्या घरात, विमानाच्या वाटेत येते म्हणून 15 जून 2023 ला पाडली. त्याआधी कित्येक वर्षं सोलापुरात ‘चिमणी’ म्हटलं की पक्षी कुणाच्याच डोळ्यापुढं यायचा नाही. माझी सासुरवाडी दक्षिण सोलापुरातली, मेव्हणे कारखान्याचे सभासद. चिमणी पडली त्या दिवशी मी व्यापारी मित्रांच्या ग्रुपवर अंगठे टाकत होतो आणि बायकोच्या माहेरी ऊस घालायचा कुठं याची काळजी चालली होती. दिवाळीत समोरासमोर आलो तेव्हा मेव्हणे म्हणाले, “दाजी, आता विमानातनं ऊस न्या म्हणजे झालं.” मी काय बोलणार? टोमणा खरा होता.

बरं, चिमणी गेली म्हणून लगेच विमान आलं असंही नाही. नूतनीकरण झालेल्या टर्मिनलचं उद्घाटन पंतप्रधानांनी 29 सप्टेंबर 2024 ला दूरदृश्य प्रणालीवरून केलं. गोव्याचं पहिलं विमान उडालं 9 जून 2025 ला. मधले आठ महिने इमारत तयार, प्रवासी तयार, विमान तेवढं नाही. मागं किंगफिशरनं काही काळ मुंबईचं विमान चालवून बंद केलेलं होतं, त्यामुळे ‘बघू, टिकतंय का’ हा सूर आमच्याकडं उगाच नाही.

टर्मिनल वर्षाला 4.1 लाख प्रवाशांसाठी केलंय म्हणतात. आत गेल्यावर मोठेपणा जाणवत नाही, आणि मला तेच आवडलं. चेक-इन, तपासणी, बसायची जागा, सगळं हाकेच्या अंतरावर. एरोब्रिज नाही, विमानापर्यंत चालत जायचं. दुकानांच्या रांगेची अपेक्षा ठेवू नका, घरून पोटभर खाऊन निघा. माझ्या बॅगेत सॅम्पलचे टॉवेल गच्च गुंडाळलेले असतात. एक्स-रेवर तो गठ्ठा कसा दिसतो कोण जाणे, बॅग हमखास उघडायला लावतात. एका तपासणीवाल्या ताईंनी 500 जीएसएमचा (चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाचा) टॉवेल चिमटीत धरून लूप उलटसुलट बघितले आणि “केवढ्याला देता?” म्हणून विचारलं. मुंबईच्या रांगेत हे सुख नाही.

गोव्याला शेंगाचटणी नेणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो: ती चेक-इनच्या बॅगेत टाका. तिखट-मसाला हातातल्या बॅगेत चालत नाही. गिऱ्हाइकासाठी घेतलेली चटणी तपासणीच्या टेबलावर सोडून जाणारी माणसं बघितलीत, जीव तुटतो.

विमान फ्लाय91 चं, एटीआर 72. पंख्याचं विमान म्हटल्यावर आमच्या मातोश्रींनी आधी देवाला नारळ बोलला. यात चढायचं मागच्या दारानं, कारण पुढच्या भागात सामानाची जागा असते. म्हणून उतरायची घाई असेल तर सीट मागची घ्या. जेटमध्ये पुढच्या सीटसाठी जादा पैसे मोजायची सवय झालेले लोक इथंही पुढं जाऊन बसतात आणि गोव्यातल्या मोपा विमानतळावर सगळ्यात शेवटी उतरतात. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं मोकळं दिसतं. चाकांच्या जवळची खिडकी मिळाली तर उतरताना चाकं पोटातून बाहेर येतात तेही दिसतं. सहा पात्यांचा पंखा कानाशी घुमत असतो, फोनवर बोलल्यासारखं हळू बोलून चालत नाही. पण तासाभराचा प्रश्न. हाच प्रवास बसनं म्हणजे अख्खी रात्र, आणि सकाळी घाटातल्या वळणांनी ढवळलेलं पोट घेऊन रेटवर घासाघीस करायची. त्या अवस्थेत मी नको तेवढी सूट देऊन आलेलो आहे.

विमान लागतं ते मोप्याला. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, पेडणे तालुक्यात, उघड्या पठारावर. 5 जानेवारी 2023 पासून तिथं विमानं सुरू झाली. गोव्याचा जुना विमानतळ दाबोळीचा, तो नौदलाच्या तळावर, त्यामुळे तिथं नागरी विमानांना मर्यादा. इथं तसं काही नाही. धावपट्टी साडेतीन किलोमीटरची, मोठ्यातलं मोठं विमान उतरेल अशी. सोलापूरहून आलेला माणूस आधी गांगरतो. चालत राहा, वळा, पुन्हा चाला. इमारत चकाचक, खायला-प्यायला मुबलक, बसायला ऐसपैस. तरी खरं सांगू? आमच्या होटगी रोडला गाडीतून उतरल्यापासून विमानात बसेपर्यंत जेवढी पावलं पडतात, त्याहून जास्त इथं नुसतं बाहेर पडायला पडतात.

बाहेर आल्यावर खरी परीक्षा. विमानतळ गोव्याच्या उत्तर टोकाला, बांदा-सावंतवाडीवाल्यांना सोन्यासारखा, मडगावला जायचं असेल तर लांबचा पल्ला. टॅक्सीचा दर ऐकून मला विमानाचं तिकीट स्वस्त वाटायला लागलं. एका टॅक्सीवाल्यानं ठरलेल्या पैशांवर ‘गठ्ठ्याचे वेगळे’ लावले. गठ्ठा म्हणजे काय, माझी हातातली सॅम्पलची बॅग! तेव्हापासून मी कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची बस बघतो. बसचं आणि विमानाचं जमलं तर उत्तम, नाही जमलं तर हॉटेलवाल्यालाच गाडी पाठवायला सांगायची. त्यालाही टॉवेल हवेच असतात.

आता मुंबई. 15 ऑक्टोबर 2025 पासून स्टार एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं, बेंगळुरूही जोडलं गेलं. बेंगळुरूसाठी मी खुश आहे. मुंबईला मात्र मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसच धरतो. रात्री सोलापुरात झोपायचं, सकाळी सीएसएमटीला उठायचं, तोंड धुऊन काळबादेवीच्या मूळजी जेठा कापड मार्केटला चालत गेलं तरी चालतं. विमानानं गेलो तर सांताक्रूझहून काळबादेवी गाठण्यातच वाचवलेला वेळ जातो, वर दोन तास आधी पोचायचं ते वेगळंच. घाई असेल, दवाखान्याचं काम असेल, अंधेरीच्या बाजूला मीटिंग असेल, तर विमान घ्या. दिवसाच जायचं आणि खिसा सांभाळायचा तर फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत आहेच.

आणि बोरामणी. हैदराबाद रस्त्यावर आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी जमीन घेऊन ठेवलीय, मधे वनजमीन आणि माळढोक पक्ष्याचा प्रश्न. कार्गोची सोय झाली तर चादर-टॉवेलवाल्यांना ती हवीच आहे. आमचा एक्स्पोर्टचा माल आजही ट्रकनं न्हावा-शेवा बंदरात जातो. पण त्या नावाखाली होटगी रोडला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. मला आज गोव्याला जायचंय. त्यासाठी विमान रोज हवं आणि वेळ सारखी बदलायला नको. फेऱ्या हंगामाप्रमाणे खालीवर होतात, तेव्हा मीटिंग ठरवायच्या आधी वेळापत्रक बघा, मग गिऱ्हाइकाला शब्द द्या.

इमारतीला पाचपैकी चार. वेळापत्रकाला सध्या तीन, रोजचं झालं तर तेही चार करीन. मोप्याच्या टॅक्सीला काही देत नाही, तिनं आधीच घेतलंय.