जिनिंगच्या स्टोअरला परचेस सॉफ्टवेअर: एक सीझन वापरल्यावर

सीझन आटोपला, प्रेस बंद झाली, म्हणून आता निवांत लिहून राहिलो. मी वर्धा जिल्ह्यात एका जिनिंग-प्रेसिंगचं (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्याचं) स्टोअर आणि परचेस पाहतो. दसऱ्याच्या आधी आमच्याकडे हे क्लाउडवालं सॉफ्टवेअर लागलं. इंडेंट (मालाची मागणी), पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल आल्याची नोंद), मोबाईलवर अप्रूव्हल हे आजकाल सगळ्यांतच असते, त्यावर वेळ घालवत नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण भांडण अजून मिटलं नाही.

कापूस खरेदी यात नाही. बाजार समितीची पावती, शेतकऱ्याचं पेमेंट, आरसीएमचा (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं भरायचा) जीएसटी, ते सगळं वेगळं चालते. हे फक्त स्टोअरच्या मालासाठी, म्हणजे रोलरचे वॉशर, सुऱ्या, बेअरिंग, बेल्ट, ऑइल, गाठीवरचं कापड आणि गाठी बांधायची तार.

या तारेनंच सगळा सीझन खाल्ला. तार बंडलात येते, बिल किलोवर, काटापर्ची (वजनाची पावती) किलोवर, पण प्रेसवाला मागते नगावर. त्याचा इंडेंट नगात म्हणून पीओ नगात निघाला, आणि बिल आलं किलोत. थ्री-वे मॅच म्हणजे पीओ, जीआरएन आणि बिल तिन्ही जुळले तरच पेमेंटला पुढे सरकते, आता किलो आणि नग जुळणार कसे? सपोर्टवाले म्हणाले कन्व्हर्जन फॅक्टर (एका नगाला किती किलो) टाका, टाकला, पण दर लॉटची तार थोडी जाड-बारीक असते, वजन मागे-पुढे होते, टॉलरन्सच्या (चालेल तेवढ्या फरकाच्या) बाहेर गेलं की जीआरएन होल्डवर. तार लागून गठाणी ट्रकवर चढून राहिल्या आणि सॉफ्टवेअरच्या हिशोबानं माल अजून आलाच नाही! सपोर्टला तक्रारीचं टिकट टाकलं की दुसऱ्या दिवशी आपोआप बंद, 'आपली समस्या सोडवली आहे' असा मेल. कोणी सोडवली, काय सोडवली, काही पत्ता नाही.

कोणाला वाटेल की एवढ्याशा तारेसाठी काय डोकं लावायचं. पण पुढचं ऐका. तो सप्लायर एमआयडीसीतला छोटा कारखानदार आहे, उद्यम रजिस्ट्रेशनवाला, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंदलेला. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्यानं अशा माणसाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसला तर 15 दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही महिन्या-महिन्याला चक्रवाढ. वरून 1 एप्रिल 2024 पासून आयकरात 43बी(एच) हे कलम लागू झालं, त्यामुळे मुदत हुकली आणि 31 मार्चला बिल थकलेलं राहिलं तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देऊ त्या वर्षी मिळते. आणि हे दिवस मोजायचे माल हातात पडल्या तारखेपासून. मालाबद्दल तक्रार असली तर 15 दिवसांच्या आत लेखी द्यायची, नाही दिली तर डिलिव्हरीचीच तारीख धरतात.

सॉफ्टवेअर मात्र दिवस मोजते जीआरएन अप्रूव्ह झाल्यापासून. जीआरएन महिनाभर होल्डवर पडलं तर महिनाभर त्याचा मीटर सुरूच होत नाही. सेठजी (आमचे मालक) मोबाईलवर ड्यू रिपोर्ट, म्हणजे कोणाचे पैसे कधी द्यायचे ती यादी, पाहतात, तिथे तारवाल्याचं नावच नाही, त्यांना वाटते सगळं ठीक आहे. इकडे तारवाला मला फोन करून राहिला, 'भाऊ, माल वापरून झाला ना तुमचा, मग पैसे कुठे अडले?' त्याला काय सांगू, स्क्रीनवर होल्डची अंबर रंगाची पट्टी आहे म्हणून? त्यालाही त्याच्या कामगारांचा पगार करायचा असते. मला याचा खरंच राग येते. वॉचमनच्या गेट रजिस्टरमध्ये गाडी नंबर, तारीख, वेळ सगळं शाईनं लिहिलेलं आहे, तेवढं या एवढ्या महागड्या सॉफ्टवेअरला धरता येऊ नये?

तारेची ही वरची तक्रार मी सीझन सुरू असतानाच, जानेवारीत, लिहून ठेवली होती. आता थोडं बदलून सांगतो.

फेब्रुवारीत सपोर्टला एक ताई भेटली, तिनं टिकट बंद न करता फोन केला, काटापर्चीचे फोटो मागवले आणि सांगितलं की खरेदीचं युनिट किलो ठेवा, इश्यूचं (स्टोअरमधून द्यायचं) नग ठेवा, दर लॉटला फॅक्टर जीआरएनमध्येच बदला. ती सेटिंग पहिल्यापासून होती, फक्त आमच्या प्लॅनमध्ये बंद होती. चालू केल्यापासून तार अडली नाही. हे इन्स्टॉल करणाऱ्यानं पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होतं, जिनिंगमध्ये अर्धा माल असाच घेतात.

दुसरं म्हणजे रेट हिस्टरी, याला मात्र पूर्ण मार्क. एकाच नंबरचं बेअरिंग आमच्याकडे तीन वेगवेगळ्या नावांनी घेतलं जात होतं, आयटम कोड एक केल्यावर सगळे जुने रेट एकाखाली एक दिसले. नागपूरचा रेट कमी दिसते म्हणून आम्ही वर्षानुवर्षं तिथून मागवत होतो, भाडं धरलं तर गावातल्या दुकानदाराचं स्वस्त पडते. तो दुकानदार रात्री-बेरात्री शटर उघडून माल देते, हे वेगळंच. सीझनमध्ये जिन रात्री बंद पडली तर पीओची वाट कोण पाहणार, माल आधी आणावा लागते. तशी खरेदी मागून कारण लिहून रेग्युलराइज करता येते, ते बरं केलं.

लॉगिनमागे पैसे घेतात हे मला पटत नाही. प्रेसवाल्याला आणि वॉचमनला लॉगिन द्यायला सेठजी तयार नाहीत, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या मीच टाइप करतो, आणि गेटची नोंद संध्याकाळी मी पोचल्यावर चढते. ज्याच्यासमोर गाडी उभी राहते त्याच्याच हातात सॉफ्टवेअर नाही. इंडेंट आणि गेट एन्ट्रीचं लॉगिन फुकट असायला पाहिजे.

मार्चच्या अपडेटमध्ये 'गेट इन डेट' असा रकाना आला. मी खूश झालो, पण ड्यू रिपोर्ट काढून पाहिला तर दिवस अजूनही जीआरएनपासूनच. रकाना नुसता शोभेला. त्यामुळे मी एमएसएमईवाल्यांची वेगळी यादी एक्सेलमध्ये ठेवतो, गेटच्या तारखेनं, आणि दर सोमवारी सेठजींना प्रिंट देतो. तारवाल्याचे पैसे त्या प्रिंटमुळे मार्च संपायच्या आत गेले.

तुम्ही डेमो घेत असाल तर चकचकीत डॅशबोर्ड पाहू नका. एक जीआरएन मुद्दाम होल्डवर टाकायला लावा आणि त्याच बिलाची ड्यू डेट विचारा.

आता रिन्यूअलचा मेल आला आहे. मी सेठजींच्या सहीनं उत्तर पाठवलं की दिवस गेटच्या तारखेपासून मोजा, ते चालू करून दाखवा, मग पैसे पाठवतो. त्यांचं म्हणणं, 'पुढच्या रिलीजमध्ये घेऊ.' मी तारीख मागितली आहे.