मुद्रा कर्जाच्या नावाखाली गेलेले ३१,६५० रुपये

लग्नपत्रिका छापणाऱ्यांचा २०२० चा उन्हाळा कसा गेला, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मार्चअखेर टाळेबंदी लागली, पुढे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, आणि पन्नास माणसांसाठी पत्रिका कोण छापून घेतो? गाळ्याचे भाडे, कामगारांचे पगार आणि कागदवाल्याची उधारी मात्र चालूच होती. अशा वेळी ‘मुद्रा योजनेतून पाच लाख, तारण नको’ असा फोन आला. ‘किशोर’ गटात पाच लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते हे खरेच असल्यामुळे मी ऐकून घेतले. माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने हेच केले असते.

नोंदणीचे २,१५०, विम्याचे ११,००० आणि व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्र आल्यावर जीएसटीचे १८,५०० रुपये मी भरले. त्या पत्रावर राजमुद्रा होती, गोल शिक्का होता, पण ‘वित्त’ या शब्दात एकच ‘त’ होता आणि खाते कुणा व्यक्तीच्या नावाचे होते. जन्मभर दुसऱ्यांच्या पत्रिकांची मुद्रिते तपासणाऱ्या मला ते तिथेच खटकले. मी विचारलेही. ‘सगळे घरून काम करताहेत, साहेब, घाईत टाइप झाले,’ हे उत्तर त्या दिवसांत पटण्यासारखेच होते, याचाच संताप अजून जात नाही. मुद्रा संस्था कोणालाही थेट कर्ज देत नाही. ते बँका आणि वित्तसंस्था देतात. ‘आगाऊ हप्ता’ म्हणून आणखी ९,८०० मागितले, तेव्हा मी थांबलो आणि त्यांचा फोन बंद झाला.

पोलीस ठाण्याने सायबर शाखेकडे पाठवले, सायबर शाखेने बँकेचे पत्र मागितले, बँकेने आधी गुन्ह्याची प्रत आणा म्हटले, आणि ती प्रत मागायला गेलो तर बंदोबस्तातून वेळ मिळाल्यावर बघू, असे सांगून दारातूनच परत पाठवले. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, तेव्हा कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम तुम्हाला लागू नाही, हे मात्र बँकेने तत्परतेने लेखी कळवले. समोरचे खाते त्याच दिवशी गोठवण्याची तत्परता कुठे गेली होती?

आता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पैसे गेल्याचे कळताच, तासाभराच्या आत लावा. मंजुरीपत्र आले, तर ते घेऊन थेट बँकेच्या शाखेत जा. आणि लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्यालाही दारात उभे करू नका.